तांब्यात ठेवू नका

ते पत्रक मी लिहिलं होतं आणि त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. हे आधी सांगते, कारण पुढं कित्येक वर्षं मी स्वतःला एवढंच सांगत आले. ते पत्रक वाटल्यावर सात-आठ महिन्यांनी माझ्या सख्ख्या बहिणीची मुलगी आजारी पडली, हेही आधीच सांगते. शेवटासाठी गोष्ट लपवून ठेवायची सवय मला नाही.

आमचं घर कळंबचं. वडील शाळेत शिकवायचे आणि शाळा सुटली की पत्रकं काढायचे. हुंडा, दारू, अंगात येणं, रेशनच्या दुकानातला काळाबाजार, धरणाचं पाणी कुणाला आणि कुणाला नाही. घरात देव्हारा नव्हता, सायक्लोस्टाइलचं यंत्र होतं. ताई हँडल फिरवायची, मी ओल्या शाईचे कागद दोरीवर वाळत घालायची. दोघींच्या फ्रॉकवर कायम काळे डाग. आम्ही वाचायला शिकलो ते त्या कागदांवर. वडिलांचा एकच नियम होता. "पुस्तक वाचणारा बसलेला असतो. पत्रक वाचणारा उभा असतो, आणि त्याची एसटी आलेली असते. काय सांगायचंय ते तेवढ्यात सांगा."

नव्वदीच्या सुरुवातीला ताईचं लग्न होऊन ती येडगावला गेली. दाजी आळेफाट्याला गॅरेजात ट्रकची कामं करायचे. घरी सासू, दोन म्हशी आणि कालव्याकाठची थोडी जमीन. वर्ष-दीड वर्षात ताईला मुलगी झाली. नावानं तिला कुणी हाक मारत नसे. आजीपासून दाजींपर्यंत सगळे तिला 'बाय' म्हणायचे.

त्याच सुमाराला पुण्याहून एक डॉक्टरबाई जीप घेऊन आमच्या भागात यायला लागल्या. लहान मुलांच्या यकृताच्या एका आजारावर त्यांच्या तुकडीचं संशोधन चाललं होतं. त्यांना घरोघर जाऊन प्रश्न विचारणारी, इथलीच मुलगी हवी होती. मी नुकतीच बारावी झाले होते आणि जगाला दुरुस्त करायला निघाले होते.

तेव्हा आमच्याकडे 'लिव्हर' हे अवयवाचं नाव नव्हतं, आजाराचं होतं. "त्यांच्या पोराला लिव्हर झालं," असं म्हणत आणि पुढं कुणी काही विचारत नसे. वर्षाच्या आतबाहेरचं मूल किरकिरं व्हायचं, पोट वर यायचं, हातपाय बारीक पडायचे, मग डोळे पिवळे व्हायचे. काही घरांत एकापाठोपाठ दोन गेलेली असत. कुणी दृष्ट म्हणे, कुणी आईच्या पायगुणावर जाई. मला या दोन्हींचा संताप यायचा, विशेषतः दुसऱ्याचा.

डॉक्टरबाईंच्या तुकडीचा संशय भांड्यांवर होता. गेलेल्या मुलांच्या यकृतात तांबं फार सापडत होतं. अंगावर पिणारी मुलं सहसा वाचत. ज्यांना लवकर वरचं दूध सुरू झालं आणि ते दूध पितळेच्या नाहीतर तांब्याच्या भांड्यात तापवलं, ठेवलं गेलं, ती आजारी पडत. दूध भांड्यातलं तांबं उचलतं. भांड्याला आतून कल्हई असली तर वाचवते, पण कल्हई उडून जाते. त्याच वर्षांत घरोघर थोडं थोडं स्टील यायला लागलं होतं, त्यामुळं कल्हईवाल्याचा धंदा बसला होता. तो यायचा बंद झाला, पितळ मात्र चुलीवरच राहिलं.

माझं काम सोपं होतं. दूध कशात तापवता? कशात ठेवता? किती वेळ? कल्हई कधी केली होती? मग भांडं बघायचं, बाटलीत थोडं दूध घ्यायचं, बाटलीवर चिठ्ठी चिकटवायची. बाया हसायच्या. "आमाला न्हाई गं कुनी इचारत काय खाता, आन् ही भांड्याची चौकशी करती!"

डॉक्टरबाईंनी मला पोट तपासायलाही शिकवलं. मूल आडवं झोपवायचं, बोटं उजव्या कुशीत खालून वर सरकवत न्यायची. "आपल्या ओठाला हात लाव," त्या म्हणाल्या. "यकृत एवढं मऊ लागलं तर काळजी नाही. नाकाच्या शेंड्यासारखं लागलं तर मला सांग. कपाळासारखं लागलं तर लगेच सांग."

पत्रकाची कल्पना माझीच. डॉक्टरबाईंनी मजकूर लिहून दिला: 'तांबे अथवा पितळ या धातूंच्या, कल्हई नसलेल्या भांड्यांमध्ये अर्भकाचे दूध तापवू अथवा साठवू नये.' मी तो वाचला आणि मला हसू आलं. 'अर्भक' म्हणे. 'साठवू नये' म्हणे. असलं सरकारी मराठी आमच्या घरात चेष्टेचा विषय होतं. त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी, अंगणात बसून मी ते दुरुस्त केलं. पितळेत तांबंच असतं, दोष तांब्याचाच, मग पितळ वेगळं कशाला? कल्हईचं लांबण कशाला? उभ्यानं वाचणाऱ्याला एक वाक्य पुरतं. वरती मोठ्या अक्षरात लिहिलं:

'बाळाचं दूध तांब्यात ठेवू नका!'

खाली चार ओळींत आजाराची लक्षणं आणि कुठं दाखवायचं ते. वडिलांनी वाचून मान डोलावली. डॉक्टरबाईंनी जीपमध्ये बसता बसता वाचलं. त्यांचं बालपण महाराष्ट्राबाहेर गेलं होतं, मराठी त्यांनी कामासाठी शिकलेली. "छान आहे. लहान आहे," त्या म्हणाल्या. आम्ही ते मंचरला पिवळ्या कागदावर छापून घेतलं.

पहिली प्रत मी येडगावला नेली. बाय तेव्हा तीन-चार महिन्यांची होती. ताईला दूध कमी पडत होतं आणि म्हशीचं सुरू केलं होतं. ताईनं पत्रक वाचलं, परत वाचलं आणि दाराच्या आतल्या बाजूला भाताच्या शितानं चिकटवलं.

"काय लिवलंय?" सासूबाईंनी विचारलं. ताईनं वाचून दाखवलं.

"आता ह्यातबी नाय ठेवायचं? मग काय वंजळीत धरायचं?" सासूबाई म्हणाल्या. "लई शानी गं तुमी माहेरची मान्सं. कागदावर संसार करता."

मी हसले. ताईही हसली. मला वाटलं, म्हातारी नव्याला विरोध करतेय. अशा म्हाताऱ्यांविरुद्ध मी आयुष्यभर लढणार होते. 'ह्यातबी' म्हणताना त्यांनी हात कशाकडे केला होता ते मी पाहिलं नाही.

पुढचे महिने मी गावं फिरले. पिवळा कागद ठिकठिकाणी दिसायचा, देवळाच्या खांबाला, पिठाच्या गिरणीत, पानाच्या टपरीवर. मला अभिमान वाटायचा आणि तो मी लपवत नसे.

मग एका बाजाराच्या दिवशी नारायणगावला भांड्यांच्या दुकानात गेले. दुकानदार जैन. त्यांचे आजोबा राजस्थानातून आलेले, हे स्वतः मात्र आमच्याइतकंच मराठी बोलायचे. जुन्या पितळेची मोड घेऊन ते स्टील द्यायचे. आमच्या संशोधनावर त्यांचा लोभ होता, धंद्यामुळं.

"या, या. तुमच्या पत्रकानं माझं दिवाळं काढलं की राव," ते म्हणाले.

"का? पितळ मोडीत येत नाही का?"

"पितळ कुठलं? बाया तांबे परत आणायल्यात. स्टीलचे!" त्यांनी मागच्या फळीकडे हात केला. तिथं स्टीलचे पाच-सहा तांबे ओळीनं उभे होते. "म्हन्त्यात, तांब्यात दूध ठेवायचं न्हाई असं छापून आलंय, ह्याच्या बदल्यात वाटी द्या, डबा द्या. मी म्हटलं, अगं बायांनो, पाणी प्या त्यातून, पाण्यानं काय केलंय? म्हन्त्यात, नको, पोराबाळांचं घर हाय."

गिऱ्हाइकं हसली. मीसुद्धा हसले असेन. मग फळीवरच्या त्या भांड्यांकडे बघत राहिले.

तांबं, तांब्यात. तांब्या, तांब्यात.

मी धातू लिहिला होता. बायांनी भांडं वाचलं होतं. घरात रोज हातात असतो तो तांब्या, त्यात दूध ठेवू नका. मग दूध कशात ठेवायचं? पातेल्यात. पातेलं कशाचं? पातेल्याबद्दल कागदावर काहीच नव्हतं. पितळ हा शब्दच मी काढून टाकला होता.

दुकानदार म्हणाले, "काय झालं, ताई? पानी देऊ?"

मी येडगावची गाडी धरली. वाटेत काय विचार केला ते आठवत नाही. खिडकीतून टोमॅटोचे मांडव दिसत होते आणि कंडक्टरनं सुटे पैसे नाहीत म्हणून कुरकुर केली, एवढं आठवतं.

ताई ओट्याशी होती. मला बघून तिला आनंद झाला. बाय अकरा महिन्यांची झाली होती, आजीच्या मांडीवर रडत होती, आणि मी आले तरी रडायची थांबली नाही.

"लई चिडचिडी झालीय," ताई म्हणाली. "दात येतायत."

"दूध कशात ठेवतेस?" मी विचारलं. रोज परक्या घरात विचारायचे त्याच आवाजात.

"तुझ्या कागदापरमाणं!" ताईनं फडताळ उघडून जाडबुडाचं एक पितळी पातेलं दाखवलं. बाहेरून लख्ख घासलेलं, आतून पिवळं. "ह्यातच तापवते, ह्यातच ठेवते. जाड आहे, लागत नाही. तांब्यात ठेवायचे ना आधी, माझ्या रुखवतातल्या, ते तुझं वाचल्यापास्नं बंद."

"म्या म्हनत व्हते," सासूबाई म्हणाल्या, "स्टीलचा तांब्या, काचंवानी चकचकीत, त्याला काय धाड भरलीय? पर हिच्या माहेरचं छापील."

मी बायला सतरंजीवर झोपवलं. झबलं वर केलं. बोटं उजव्या कुशीत ठेवून वर सरकवली. फार वर न्यावी लागली नाहीत. कड लगेच लागली. ओठ नव्हता, नाक नव्हतं. मी दुसऱ्यांदा बघितलं, मग तिसऱ्यांदा. बाय माझ्या मनगटावर लाथा मारत होती.

"काय गं?" ताईनं विचारलं.

"उद्या पुण्याला जायचं," मी म्हटलं.

पुण्यात डॉक्टरबाईंनी स्वतः तपासलं. सुई घालून यकृताचा छोटा तुकडा काढला. ताई बाहेरच्या बाकावर बसली होती, मी शेजारी. आमच्यात दूध, पातेलं, पत्रक असं काही बोलणं झालं नाही. निकाल आला तेव्हा डॉक्टरबाईंनी नेहमीचे प्रश्न विचारायला घेतले. दूध कशात ठेवत होता?

"तांब्यात न्हाई, मॅडम," ताई पटकन म्हणाली. परीक्षेत पाठ असलेला प्रश्न आल्यासारखी. "पातेल्यात. पत्रकात होतं तसं."

डॉक्टरबाईंनी लिहिता लिहिता माझ्याकडे बघितलं. मग विचारलं, "पातेलं कशाचं?"

"पितळी."

त्यांनी ते लिहून घेतलं. नंतर जिन्यात मला गाठून म्हणाल्या, "ते वाक्य मीही वाचलं होतं." थोड्या वेळानं म्हणाल्या, "आणि नुसत्या भांड्यामुळंच झालं असं आपण अजून सांगू शकत नाही. त्याच भांड्यातलं दूध पिऊन किती मुलं धडधाकट राहतात. आणखी काहीतरी असणार, ते आपल्याला सापडलेलं नाही."

हे खरं होतं. त्या मला धीर देत होत्या हेही खरं होतं. मी दोन्ही ऐकून घेतलं आणि मला काहीही वाटलं नाही. जिन्याच्या कठड्याचा रंग उडाला होता, तो मी नखानं काढत होते.

अंगातलं तांबं लघवीवाटे काढणारं औषध होतं. आजार लवकर सापडला तर काही मुलं त्यानं वाचत. आमचं लवकर नव्हतं, पण अगदी शेवटचंही नव्हतं. डॉक्टरबाईंनी हे दोन्ही शब्द वापरले आणि आम्ही दुसरा धरला. रोज उपाशीपोटी कॅप्सूल उघडून त्यातली पूड मोसंबीच्या रसातून द्यायची. ताई ते घड्याळ लावून करायची. एक दिवस चुकवला नाही.

मी ताईला सांगितलं ते येडगावला, गोठ्याशी. सासूबाई धार काढत होत्या. मी म्हटलं, तांब्यात म्हणजे तांबं या धातूत, असं मला म्हणायचं होतं. तांब्या नाही. स्टीलचा तांब्या चांगला होता. पितळ वाईट होतं.

ताईला समजायला थोडा वेळ लागला. तिनं ते शब्द ओठांतल्या ओठांत म्हणून बघितले.

"एका शब्दानं?"

"हो."

"आणि मला कळलं न्हाई," ती म्हणाली. "लहानपणापास्नं पत्रकं वाचतेय मी."

सासूबाईंच्या धारेचा आवाज थांबला नाही. मला वाटत होतं त्या काहीतरी जहरी बोलतील. मला ते हवं होतं. धार संपल्यावर त्या उठल्या. बादलीतलं दूध घेऊन आत गेल्या.

मी नवं पत्रक लिहिलं. पहिलीच ओळ होती: 'आमच्या आधीच्या पत्रकात चूक झाली.' वडिलांनी ते छापायला नकार दिला.

"दुरुस्त छाप. चूक कबूल करू नको," ते म्हणाले. "एकदा चूक म्हटलंस की पुढचं कुणी वाचणार नाही. भगत कधी म्हणतो का माझं चुकलं?"

"म्हणून तर आपण भगत नाही ना?"

"तू लहान आहेस."

"बाय माझ्याहून लहान आहे," मी म्हटलं. ते आणि मी त्यानंतर बरेच दिवस बोललो नाही. मी बॉलपेन घेऊन गावोगाव निघाले. खांबावरच्या, गिरणीतल्या प्रत्येक कागदावर 'तांब्यात' खोडून वर 'पितळी किंवा तांब्याच्या धातूच्या भांड्यात' लिहायचं. घरोघरी जाऊन पातेलं बघायला मागायचं. एक बाई म्हणाली, "आधी म्हन्ता हे नको, मग म्हन्ता ते नको. तुमचं एक काय ते ठरवून या." तिचं बरोबर होतं. तिच्या घरात मूल पाळण्यात होतं आणि त्याचं पोट मऊ होतं. मी दोनदा बघितलं.

पावसाळा संपता संपता बायचे डोळे पिवळे झाले. पोटात पाणी झालं. दोनदा पुण्याला ठेवलं. दुसऱ्यांदा परत आणली तेव्हा डॉक्टरबाईंनी औषध चालू ठेवा म्हटलं, पण पुढची तारीख लिहून दिली नाही. दिवाळीच्या आधी एका सकाळी दाजी मोटारसायकलवरून कळंबला आले. गाडी बंद न करताच म्हणाले, "चला." मी विचारलं नाही.

ती दीड वर्षाची होती. मी रडले नाही. लोक गेल्यावर सासूबाईंनी पिठलं-भाकरी वाढली, ती मी खाल्ली. दुसरी भाकरी मागून घेतली. हे मला अजून आठवतं, कारण ताईनं माझ्याकडे बघितलं होतं.

पुढची वर्षं लवकर सरली. दहा वर्षांत पितळ मोडीत गेलं, स्टील सगळीकडे आलं, आणि 'लिव्हर झालं' हे म्हणणंच ऐकू येईनासं झालं. डॉक्टरबाईंच्या तुकडीला मुलं मिळेनाशी झाली, हे त्यांचं यश होतं. माझ्या पत्रकाचा त्यात किती वाटा आणि स्टील स्वस्त झालं त्याचा किती, हे मी तपासायला गेले नाही. मी लिहायला लागले होते. आता लांब लिहिते. संपादक कापायला सांगतात तेव्हा भांडते.

ताईला पुढं दोन मुली झाल्या. दोघी चांगल्या आहेत. ती आणि मी बोलतो, सणावारी जातो-येतो. बायबद्दल बोलत नाही.

मग दोन हजारच्या नंतर केव्हातरी मी एका वर्तमानपत्रासाठी यकृत बदलण्याच्या शस्त्रक्रियेवर लेख लिहिला. मोठ्या शहरात एका आईनं आपल्या यकृताचा भाग कापून लेकराला दिला होता. अंक घेऊन मी येडगावला गेले. का गेले, सांगता येणार नाही. ताई अंगणात टोमॅटो निवडत होती. म्हणाली, "हात भरलेत, तूच वाच." मी वाचायला लागले.

"थांब," ती मधेच म्हणाली. "किती कापतात?"

"एक भाग. देणाऱ्याचं परत वाढतं, काही महिन्यांत."

"परत वाढतं?"

"हो."

"मग तिनं काय मोठं केलं," ताई म्हणाली आणि एक डागी टोमॅटो बाजूला टाकला.

मी म्हटलं, "तेव्हा असतं तर मी दिलं असतं."

"मी घेतलं नसतं."

मी कागदाकडे बघत राहिले.

"माझं दिलं असतं," ती म्हणाली. "ह्यांचं दिलं असतं. म्हातारी तर स्वतःहून आडवी पडली असती, कापा म्हणून. तुझं न्हाई. तुझं काही तिच्या पोटात जाऊ दिलं नसतं." आवाजात राग नव्हता. शेतमालाचा भाव सांगावा तसं बोलली. किती वर्षांपासून हे तयार होतं कुणास ठाऊक.

मला काही वाटायला हवं होतं. मी वाट बघितली. क्रेटवर एक माशी बसली, उठली.

"बरं," मी म्हटलं.

"वाच की पुढं. त्या बाईचं पोर जगलं का?"

"जगलं."

"मग वाच."

मी पुढं वाचलं. शेवटपर्यंत वाचलं. तिनं मधे काही विचारलं नाही.